एकोणचाळीस मिनिटं

यादीत पहिलं नाव ‘कसबा दोन’चं होतं. उत्कर्षानं ते वाचलं, मनात उच्चारलंसुद्धा, आणि बटण दाबलं ते दुसऱ्या ओळीतल्या ‘येरवडा पाच’चं. वाचणं आणि दाबणं यांच्यामध्ये फार तर चार सेकंद गेली असतील. त्या चार सेकंदांत आपण काय विचार केला, किंवा मुळात केला की नाही, हे तिला पुढं कितीही आठवून सापडेना. एप्रिलमधला मंगळवार होता, दुपारचे दोन बावन्न. बाहेर चाळीस अंशांचं ऊन आणि आत नियंत्रण कक्षात एसीचा गारठा इतका की तिनं खांद्यावर स्टोल घेतला होता. कुठल्याशा लांबच्या वीजकेंद्रातला मोठा संच अचानक बंद पडला होता आणि सगळ्यांनीच थोडा थोडा भार कमी करावा असा निरोप फिरत होता. तिच्या वाट्याला सहा मेगावॅट आले होते. “पाच मिनिटांत काढा मॅडम,” फोनवरचा माणूस म्हणाला होता, अगदी शांतपणे. सहा मेगावॅट म्हणजे एक फीडर, आणि एक फीडर म्हणजे एका वाहिनीवरची चार-साडेचार हजार घरं, दुकानं, गिरण्या, दवाखाने. अशी वेळ आली तर कोणता फीडर आधी बंद करायचा याची यादी स्क्रीनच्या उजव्या कडेला असते. ज्याची वीज जाते तो तळाला जातो, बाकीचे एकेक पायरी वर येतात. गेली दोन वर्षं ती यादी हललीच नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. पुण्यात आता लाईट जात नाही, असं लोक सहज म्हणत, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. नवे टॉवर आले, खराडीकडे काचेच्या इमारती आल्या, घराघरात दोन-दोन एसी आले, रिक्षा आणि स्कूटर रात्रभर चार्जिंगला लागायला लागल्या, आणि तरी वीज पुरत होती. ती पुरवण्यात आपलाही काही वाटा आहे असं उत्कर्षाला कधीकधी वाटायचं. स्क्रीनवरचा लाल चौकोन हिरवा झाला. इथं लाल म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात यात गोंधळतो. बारा वर्षं काढल्यावर त्या दुपारी ती पुन्हा गोंधळली, आणि हिरवा रंग बघून क्षणभर तिला हायसं वाटलं.

‘कसबा दोन’वर तिचं घर होतं. पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग, पलंगावर तिचे सासरे रावसाहेब, त्यांच्या नाकात प्लास्टिकची नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र. रावसाहेबांनी चाळीस वर्षं तांबट आळीत भांडी ठोकली, आणि भांड्यांना चकाकी आणणाऱ्या तेजाबाचा धूर छातीत साठवला. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचे ओठ जांभळे झाले. अभिनवनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, त्यांना उचलून रिक्षात घातलं तेव्हा ते उचलताना फार हलके लागले, असं तो नंतर म्हणाला. तेव्हापासून डॉक्टरांनी दिवसभर नळी लावायला सांगितली होती. यंत्र विजेवर चालतं. पूर्वी घरात इन्व्हर्टर होता. तीन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा तो काढून कुणालातरी देऊन टाकला, कारण लाईट जातेच कुठे आता. कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक सिलेंडर होता, पण तो भरलेला आहे का हे बघायचं ती दोन आठवडे पुढं ढकलत होती. हे सगळं तिच्या डोक्यात बटण दाबायच्या आधी आलं की नंतर? आधी आलं असेल तर तिनं ठरवून केलं. नंतर आलं असेल तर बोट आपोआप गेलं, आणि मग ते कुणाचं बोट होतं? एकोणचाळीस मिनिटांनी निरोप आला, तिनं ‘येरवडा पाच’ पुन्हा चालू केला. रजिस्टरमध्ये लिहिलं: २.५३ ते ३.३२, आपत्कालीन भारनियमन. ‘कारण’ या रकान्यात जागा होती, ती तशीच सोडली.

चार वाजता पाळी संपली. ती स्कूटरवरून घरी निघाली तेव्हा तिला वाटत होतं की जिना चढून गेल्यावर यंत्राची घरघर ऐकू येईल आणि मग सगळं जागेवर बसेल. नवऱ्याचे वडील जिवंत आहेत, नळी नाकात आहे, बस. पण कसब्यात गल्लीच्या तोंडाशी वळताना तिला दत्तोबांच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर रावसाहेब दिसले. नाकात नळी नाही. पांढरा सदरा, पायांत चपला, मांडीवर वर्तमानपत्र, हातात काचेचा ग्लास. दत्तोबा एका घागरीचा पोचा काढत होते आणि रावसाहेब त्यांना तो कसा काढायचा ते सांगत होते. उत्कर्षानं स्कूटर थांबवली. ती काही बोलायच्या आधी रावसाहेबच म्हणाले, “आज लवकर? कंपनी बंद पडली का?”

“बाबा, तुम्ही खाली कधी आलात?”

“दोनला येतो. साडेचारला जातो. तू पाचला येतेस.”

“रोज?”

“रविवारी दत्तोबा बंद ठेवतो,” ते म्हणाले.

वर राधा दारातच उभी होती. ती दुपारी रावसाहेबांजवळ बसायला येणारी बाई, मुळशीकडची. “मला म्हनले सांगू नको,” ती म्हणाली, “त्या यंत्राचा आवाज सोसत न्हाय म्हनतात, ताई. खाली बसले की खोकत बी न्हाईत.” ज्या माणसानं चाळीस वर्षं हातोड्यांच्या आवाजात काढली त्याला या घरघरीचा त्रास होतो, याचं उत्कर्षाला हसू यायला हवं होतं. ती पाणी प्यायली. यंत्र बंद होतं, त्याच्या वर राधाची पिशवी ठेवलेली होती. म्हणजे दोन बावन्नला ते बंदच होतं. म्हणजे आपण येरवड्यातली चार हजार घरं बंद केली ती एका बंद यंत्रासाठी, एका रिकाम्या पलंगासाठी. पण हे तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून काय झालं? चूक कमी झाली की वाढली? तिला दोन्ही खरं वाटत होतं, आणि दोन्ही खरं असेल तर आपल्याला बहुतेक विचारच करता येत नाहीये, असंही वाटत होतं. संध्याकाळी तिनं रावसाहेबांकडून वचन घेतलं की ते खाली जाणार नाहीत. ते म्हणाले, “बरं. तुमचं घर, तुमचे नियम.” हे असं बोललं की समोरचा आपोआप चुकीचा ठरतो, हे त्यांना ठाऊक होतं.

अभिनवला तिनं जेवताना सांगितलं. तो हिंजवडीहून दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून आलेला, एका हातातला फोन बघत ऐकत होता. “मी असतो तर मीपण तेच केलं असतं,” तो म्हणाला. “ओव्हरथिंक करतेयस तू. इन्व्हर्टर मागवू आपण, संपला विषय.” त्यानं तिथंच मागवला, पुढच्या सोमवारी येणार होता. विषय संपला नाही. त्या रात्री तिला दारव्ह्याजवळचं आपलं गाव आठवत राहिलं. तिथं लहानपणी बारा-बारा तास लाईट नसे. लाईटचं वेळापत्रक सगळ्या गावाला अंगात भिनल्यासारखं पाठ होतं. आई दळणाचा डबा आदल्या रात्रीच दाराशी ठेवायची, कारण गिरणी पहाटे चारला चालू व्हायची आणि सातला बंद. कधी वेळापत्रक न सांगता बदललं की गिरणीपुढं डब्यांची रांग तशीच बसून राहायची आणि त्या दिवशी अर्ध्या गावात भाकरीऐवजी भात व्हायचा. सातवी-आठवीत असताना तिनं वडिलांना विचारलं होतं की लाईट जाते म्हणजे नेमकी कुठं जाते, कोण पाठवतं. वडील बैलाला पाणी पाजत होते. “असन तिकडं पुन्या-मुंबईले कोनी बसेल,” ते म्हणाले, “दाबते बटन.” कितीतरी वर्षं तिनं त्या माणसाची कल्पना केली. त्याला तिनं जाड चष्मा दिला होता, टेबलावर पाण्याचा तांब्या दिला होता. तो वाईट आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. फक्त आपलं गाव त्याला ठाऊक नाही एवढंच वाटायचं. ठाऊक असतं तर त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी दाबलं असतं. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या हे शेवटचं वाक्य तिच्या मनात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा तिनं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी तिनं जयसिंग सरांना, तिच्या वरिष्ठांना, जाऊन सांगितलं. आपल्याला कुणीतरी रागवावं अशी तिची इच्छा होती. सरांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. “यादी मार्गदर्शनाला असते मॅडम. खुर्चीवर बसणाऱ्यानं परिस्थिती बघायची. तुम्ही बघितलीत.”

“मी माझं घर बघितलं, सर.”

“घरात पेशंट आहे ना? मग वैद्यकीय कारण झालं. मी रजिस्टरमध्ये लिहून टाकतो.”

“येरवड्यातही असतील पेशंट.”

“असतील. तुम्हाला माहीत आहेत का? नाहीत. माहीत नसलेल्यांचं ओझं घ्यायला लागलात तर उद्या बटणाला हात लावता येणार नाही.” मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, “पूर्वी आम्ही दिवसाला आठ-आठ तास बंद ठेवायचो हो. निम्मा जिल्हा. एकोणचाळीस मिनिटांचं काय घेऊन बसलात. चहा घेणार?” ती चहा प्यायली. चहा चांगला होता. आपल्याला माफ करण्यात आलंय की आपलं म्हणणं कुणाला ऐकूच गेलेलं नाही, हे तिला कळेना. रजिस्टरमधल्या मोकळ्या रकान्यात सरांनी स्वच्छ अक्षरात ‘वैद्यकीय निकड’ असं लिहिलं, आणि ते वाचताना तिला ते दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिल्यासारखं वाटलं.

गुरुवारी तक्रार केंद्राकडून एक फोन तिच्याकडे वळवला गेला. तरुण मुलीचा आवाज, घाईत पण आदबीनं. “मॅम, माझं नाव उम्मेहानी. येरवड्याहून बोलतेय. मंगळवारी दुपारी आमच्याकडे लाईट गेली होती. कम्प्लेंट नाहीये माझी. मला फक्त एक लेटर पाहिजे, की त्या टाइमला लाईट नव्हती.” मंगळवारी अडीच ते साडेतीन तिची एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी गेलेली, प्लग लावला तरच चालतो. बावीस प्रश्न झाले आणि स्क्रीन काळी. कंपनीच्या नोंदीत उमेदवार परीक्षा सोडून निघून गेला असं आलं. “दीडशे जणांतनं दुसऱ्या राउंडला बाराच जण होते मॅम. आम्ही मेल केलाय, ते म्हणतात प्रूफ द्या.” उत्कर्षानं वेळ विचारली, जणू तिला माहीत नव्हती. “दोन त्रेपन्न,” मुलगी म्हणाली, “मी घड्याळच बघत होते ना.”

पत्र द्यायचं काम खरं तर दुसऱ्या विभागाचं होतं आणि तिथं त्याला आठवडा लागला असता. उत्कर्षानं ते स्वतः तयार केलं, सरांची सही घेतली. नमुन्यात ‘तांत्रिक कारणास्तव’ असे शब्द होते. ते खोडून तिनं ‘आपत्कालीन भारनियमनामुळे’ असं घातलं, आणि एवढा एक शब्द खरा केल्याबद्दल तिला स्वतःविषयी बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाज वाटली. शनिवारी सुटी होती. पत्र मेलनं पाठवता आलं असतं. ते हातात घेऊन आपण येरवड्याला का निघालोय हे तिनं संगमवाडीच्या पुलावर स्वतःला विचारलं, आणि तशीच पुढं गेली. तुरुंगाच्या लांबलचक भिंतीच्या सावलीत रिक्षावाले झोपले होते. भिंतीच्या पलीकडं गल्ली, गल्लीत तिमजली घरं एकमेकांना टेकलेली. आपण बंद केलेला फीडर तिनं या आधी कधी पायी चालून पाहिला नव्हता. एका घरातून शिवणयंत्राचा आवाज, एका दुकानात बर्फाची पेटी, एका खिडकीत म्हातारी बाई टेबलफॅनसमोर केस वाळवत बसलेली. हे सगळं त्या दिवशी एकोणचाळीस मिनिटं थांबलं होतं. मग पुन्हा सुरू झालं होतं. आज बघितलं तर कशाचाही मागमूस नव्हता, आणि तिला मागमूस हवा होता की नको होता हेच समजत नव्हतं.

उम्मेहानीच्या आईचं नाव नजमा. तिनं दार उघडलं, पाणी दिलं, मग खसचं सरबत केलं, आणि पत्र दोन्ही हातांनी घेऊन मुलीकडे दिलं. वडील एजाज टेंपो घेऊन मार्केट यार्डात गेलेले होते. भिंतीशी टेबल, टेबलावर तो लॅपटॉप, त्याची वायर चिकटपट्टीनं बोर्डाला पक्की केलेली. मुलगी पत्र वाचत होती, ओठ हलवत. नजमा उत्कर्षासमोर बसली आणि तिच्याकडे कुतूहलानं बघू लागली.

“तुम्हीच बंद करता का लाईट?”

“माझी पाळी असेल तेव्हा मी.”

“आम्हाला वाटायचं आपोआप जाते,” नजमा म्हणाली. “म्हणजे कोणीतरी माणूसच असतं. आणि कोणाची बंद करायची ते? तेपण तुम्हीच ठरवता?”

“यादी असते,” उत्कर्षा म्हणाली.

“हां. मग त्या दिवशी आमचा नंबर होता.”

उम्मेहानीनं पत्रातून मान वर केली होती. टेबलफॅन फिरता फिरता उत्कर्षाकडे आला आणि तिच्या हातातल्या ग्लासाच्या कडेवरचे थेंब थरथरले. “हो,” ती म्हणाली.

“मग काय करणार,” नजमा समजुतीनं म्हणाली. “नंबर आला की आला.” आणि तिनं सरबत आणखी ओतलं. ते संपवायला उत्कर्षाला फार वेळ लागला. उम्मेहानी खाली स्कूटरपर्यंत सोडायला आली. “थँक यू मॅम. असं कोणी घरी येऊन देत नाही,” ती म्हणाली, आणि ते इतकं मनापासून म्हणाली की उत्कर्षानं हेल्मेट लगेच डोक्यात घातलं. परत येताना ती तो एकच शब्द उलटासुलटा करत होती. बोट गेलं ते चार सेकंदांत गेलं, त्याच्याबद्दल काहीही म्हणता येईल. पण हे ‘हो’ तिनं पूर्ण शुद्धीत, खुर्चीवर नीट बसून, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं. मग आधीच्या गोष्टीबद्दल इतका घोळ घालायचं कारणच काय होतं? की आपण तो घोळ घालत होतो तो एवढ्यासाठीच, की आपण विचारी माणूस आहोत असं वाटत राहावं, आणि खरं विचारायला कुणी समोर आलं की सोपं ते बोलावं? सोमवारी इन्व्हर्टर येणार होता, तो आला नाही. कंपनीनं गुरुवारची तारीख दिली. बुधवारी उम्मेहानीचा निरोप आला: “मॅम, नाही झालं. ते म्हणतात पॉवर बॅकअपची जबाबदारी कँडिडेटची. लेटर ठेवलंय पण, पुढे कधी लागलं तर.” शेवटी हात जोडल्याचं चित्र. उत्कर्षानं त्यावर “वाईट वाटलं” असं लिहिलं आणि पाठवल्यावर तिला ते वाक्य कुणाचं आहे तेच ओळखू येईना.

गुरुवारी दुपारी तीन वीसला पुन्हा फोन वाजला. पाच मेगावॅट, पाच मिनिटांत. यादी तिच्यासमोर होती. ‘येरवडा पाच’ तळाला गेलेला. सगळ्यात वर ‘कसबा दोन’, जिथं होता तिथंच. या वेळी तिला सगळं माहीत होतं. रावसाहेब वचनाप्रमाणे गेले आठ दिवस खाली गेले नव्हते. दिवसभर पलंगावर बसून ते जरा खचलेही होते. नळी नाकात असणार. इन्व्हर्टरवाला संध्याकाळी येणार होता. सिलेंडर तिनं भरून आणला होता, पण नळी बदलायची कशी ते राधाला एकदाच दाखवलं होतं. चार मिनिटं शिल्लक होती. तिनं मोबाईल उचलला, घरचा नंबर काढला. मग वाटलं, ‘कसबा दोन’वर चार हजार दोनशे जोडण्या आहेत, त्यातल्या एकाच घरी फोन जाणार. तिनं मोबाईल उलटा ठेवला. लगेच वाटलं, हे खरं करतोय की करून दाखवतोय? एका म्हाताऱ्या माणसाच्या श्वासावर आपण आपलं पाप फेडतोय का? दुसरा फीडर घेतला तर तिथंही कुणाचा तरी श्वास असेल. आणि पहिला घेतला तर निदान यादी यादीसारखी राहील. की यादीच्या आड लपणं ते हेच? फोनवाल्यानं पुन्हा विचारलं, “मॅडम, काढताय ना?” तिनं ‘कसबा दोन’चं बटण दाबलं. या वेळी तिनं स्वतःच्या बोटाकडे बघून दाबलं. चौकोन हिरवा झाला. त्यानंतरची एकतीस मिनिटं ती स्क्रीनपुढून उठली नाही. मोबाईल वाजला नाही. न वाजण्याचा अर्थ चांगला की वाईट, हे ती दर मिनिटाला नव्यानं ठरवत होती. तीन चोपन्नला निरोप आला, तिनं चौकोन लाल केला, रजिस्टर लिहिलं, पुढच्या माणसाला खुर्ची दिली आणि जिना उतरून स्कूटर काढली.

घरी यंत्राची घरघर चालू होती. सिलेंडर पलंगाशी ओढून आणलेला, त्याच्या चाकांच्या रेघा फरशीवर उमटलेल्या. राधा स्वयंपाकघरात तोंड धुत होती. रडल्यासारखी वाटत होती. “चावी लागंना मला, ताई,” ती म्हणाली. “हात वल्ले होते. पाच-सा मिन्टं तशीच गेली. मग लागली.” रावसाहेब उशीला टेकून बसले होते. चेहरा राखेसारखा, पण ओठांचा रंग ठीक होता. तिनं आल्या आल्या त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं ते छोटं यंत्र लावलं. आकडा ब्याण्णव. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

“बाबा, आज लाईट मी घालवली.”

“घड्याळ बघितलं मी,” ते म्हणाले. एक श्वास घेतला. “म्हटलं, तुझीच पाळी असणार.”

“त्रास झाला?”

“झाला.” पुन्हा श्वास. “नाही कशाला म्हणू? बस खाली. उभी राहून काय होणारे.”

ती बसली. तिच्या मनात होतं की एवढं सांगून थांबावं. पण त्यांनी ‘झाला’ असं म्हटल्यावर आत काहीतरी सैल झालं आणि ती बोलत सुटली. त्या मंगळवारी नंबर आपला होता हे तिनं सांगितलं. तुमच्या यंत्राचा विचार करून, किंवा न करता, मी येरवड्याची वीज घालवली. तिथं एका मुलीची परीक्षा बुडाली. मी त्यांच्या घरी गेले, सरबत प्यायले, त्यांनी विचारलं नंबर आमचा होता का, आणि मी हो म्हटलं. हे सगळं तिनं खिडकीकडे बघत सांगितलं. खाली दत्तोबांच्या दुकानात ठोकठोक चालू होती. रावसाहेबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

“मी तर खाली होतो त्या दिवशी,” ते शेवटी म्हणाले.

“तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“हं.” त्यांनी नळी नाकाशी नीट केली. “आणि हे त्या पोरीला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस?”

ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं, असं तिला वाटलं. एखाद्यानं चुकीच्या दुकानात येऊन भांडं मागावं, आणि दुकानदारानं त्याला योग्य दुकान दाखवावं, तसा तो सूर होता. मग त्यांनी डोळे मिटले. राधानं चहा आणून ठेवला, तो निवला. खाली गल्लीत इन्व्हर्टरवाल्याचा टेंपो लागला आणि कुणीतरी तिच्या आडनावानं हाक मारली. राधा खाली गेली. उत्कर्षानं मोबाईल घेतला. “उम्मेहानी, त्या दिवशी तुमचा नंबर नव्हता,” तिनं लिहिलं, आणि वाचून न बघता पाठवलं. मिनिटभरानं उत्तर आलं.

“म्हणजे?”

तिनं लिहायला घेतलं. घरात पेशंट होता, इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. यादी मार्गदर्शनाला असते, असं लिहिलं आणि तेही खोडलं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली, दार लोटून घेतलं, आणि फोन लावला.